डावखुरा हिरो

शेकडो वेळा सिनेमा दाखवला मी, पण बसून असा एकही पाहिला नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. ‘तुमची काय मजा, रोज फुकट सिनेमा,’ असं म्हणणारे मला आजवर इतके भेटलेत की हल्ली मी नुसता हसतो. पूर्वी चिडायचो. अहो, मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला सिनेमा कुठला दिसायला? त्याचा एक कान मशीनच्या टकटकीकडे आणि एक डोळा फिल्मच्या खालच्या वळशाकडे. वळसा लहान व्हायला लागला की फिल्म तुटणार. पडद्यावर हिरॉइन रडत असते आणि आपण मनात म्हणत असतो, बाई, तू रड हवी तेवढी, फक्त तुझा जोड सुटू देऊ नकोस.

बाकी वेड मात्र होतंच, ते नाकारत नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावी जत्रेला तंबू यायचा, तेव्हा बाकीची पोरं पडद्याकडे तोंड करून बसायची आणि मी मागे वळून मशीनकडे बघत बसायचो. त्या भोकातून उजेड येतो आणि त्यात माणसं असतात, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मुंबईला एका थेटरात असिस्टंट म्हणून लागलो. तिथून निघताना एक जुनं सोळा एमएमचं मशीन घेतलं आणि बायकोला, सुनंदाला, घेऊन नेरूळला आलो. लॉटरीत लागलेलं एका खोलीचं घर होतं. त्यातली अर्धी खोली मशीनची आणि अर्धी आमची.

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत नेरूळ म्हणजे नुसत्या नव्या इमारती आणि मधे मधे मोकळी मैदानं. सेक्टरांना नंबर होते, पण अजून तिथे कुणाची ओळख नव्हती. कुणी परळहून आलेला, कुणी रत्नागिरीकडचा, कुणी नगरचा. सार्वजनिक गणपती बसवला आणि मैदानात पडद्यावरचा सिनेमा लावला की लोक खाली उतरायचे, खुर्च्या शेजारी शेजारी टाकायचे आणि मग एकमेकांना विचारायचे, ‘तुम्ही कितव्या मजल्यावर?’ माझ्या मशीनने किती सोसायट्यांची ओळख करून दिली असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मी मात्र मनातल्या मनात ते श्रेय घेतो.

कामाची माहिती थोडक्यात सांगतो. सिनेमा पत्र्याच्या चार डब्यांत यायचा. एका डब्यात एक रीळ, पाऊण तासाचं किंवा जरा कमी. मशीन एकच, त्यामुळे दर डब्यानंतर थांबायचं, दिवा लावायचा, नवं रीळ चढवायचं. थेटरातल्यासारखं एकच मध्यंतर नाही, तीन मध्यंतरं. लोक तेवढ्यात घरी जाऊन भाताचा कुकर लावून यायचे. फिल्म तुटली की ब्लेडने खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायची. हा जोड सुनंदाचा हात लागला की असा बसायचा की मशीनलासुद्धा कळायचं नाही. शिवणकाम करणारी बाई ती. कापड काय आणि फिल्म काय, तिला शिवण दिसू न देण्याचा सोस. मशीनवर फिल्म चढवायलाही ती माझं बघून बघून शिकली होती, पण मी तिला चालवायला दिलं नव्हतं. का, ते मलाच विचारू नका. मशीनला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपायचा नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. ऐरोलीला एका गृहस्थांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गच्चीवर मशीन बोलावलं आणि म्हणाले, ‘सिनेमा नको, यातलं एकच गाणं लावा.’ लग्न ठरायच्या आधी दोघांनी म्हणे आपापल्या घरच्यांबरोबर तोच सिनेमा एकाच खेळाला पाहिला होता आणि त्या गाण्यात चोरून एकमेकांकडे बघितलं होतं. मी गाणं लावलं. ‘पुन्हा.’ पुन्हा लावलं. रीळ उलटं गुंडाळून गुंडाळून माझे हात भरून आले. पाचव्यांदा त्या बाईच म्हणाल्या, ‘अहो, आता पुढचाही दाखवायला सांगा की! तेव्हा मी गाण्यानंतर तुमच्याकडेच बघत होते, सिनेमात पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.’

घणसोली गावात तर माझी फजितीच झाली. एका घरच्या पूजेला गेलो होतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या चुकल्या होत्या आणि मी न तपासता तिसरा डबा दुसऱ्याच्या आधी लावला. झालं! हिरोचा बाप वारला, त्याचं दिवसकार्य आटोपलं आणि पुढच्या डब्यात बाप ओसरीवर बसून चहा पितोय.  वाटलं, आता लोक मशीनसकट मला खाडीत टाकणार. पण सगळे तसेच सिनेमा बघत राहिले. शेवटी एक म्हातारा जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘बापाला परत आनलास, बरा केलास. मानूस चांगला व्हता.’

पण मला सांगायची आहे ती ठमाबायची गोष्ट. ती सांगताना आजही मला माझीच लाज वाटते आणि तरीही सांगावीशी वाटते.

आमच्या सेक्टरला लागूनच जुनं गाव. मधे मैदान. मंडळाचा पडदा मी या मैदानात उभारायचो. मंडपवाल्याचे दोन बांबू आणि त्यांत ताणलेलं पांढरं कापड, सुनंदाने दोन पन्हे जोडून शिवलेलं. पडद्याचं तोंड इमारतींकडे, कारण खुर्च्या तिकडे, वर्गणीदार तिकडे, मशीन तिकडे. आणि पाठ गावाकडे. गावातल्या घराघरांत स्वतःचे गणपती. संध्याकाळची आरती उरकली की गावातली माणसं गोणपाट, चटया घेऊन यायची आणि पडद्याच्या मागे बसायची. कुणी त्यांना पुढे येऊ नका म्हटलं नव्हतं, आणि या असंही कुणी म्हटलं नव्हतं. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार उमटायचं. फक्त उलटं. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं.

पहिल्या वर्षी पहिला डबा संपला तसा मी भोंगा बघायला मागे गेलो. आवाजाची पेटी पडद्याच्या पायथ्याशी मागच्या बाजूला ठेवलेली असायची. तिथे अगदी पुढ्यात एक म्हातारी लाकडी पाटावर बसली होती. हिरवं लुगडं, हातात काकडीची फोड.

‘आपरेटर तूच का रं?’ ती म्हणाली. ‘जरा भोंगा पलीकडं घे. हीरोचं बोलनं पोटान जातं माज्या.’

मी पेटी सरकवली. तिने काकडीची दुसरी फोड माझ्यापुढे धरली आणि विचारलं, ‘आनि मना सांग, तुमच्या मुंबयची मानसं समदी डावरी कशी रं? जेवतान डाव्या हातान, नमस्कार बी डावा हात वर करून. आयबापान शिकवला नाय?’

मी पोट धरून हसलो. पडदा उलटा दिसतो, म्हणून समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आसंल. पन आमचा हीरो डावराच.’

ही ठमाबाय. मी तिला मावशी म्हणायचो. गावात तिचा मुलगा हरिश्चंद्र पाटील रेती-विटांचा सप्लायर होता, गाडी बाळगून होता, पण म्हातारी होती तशीच. ज्या मैदानात आम्ही पडदा लावायचो ते तिचं भाताचं शेत होतं, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तेही तिने सहज सांगितलं, ‘यो बांबू पुरलास ना, तिथंच आमचा खला व्हता, भात झोडायचा.’ बोलण्यात राग नव्हता. घरात रंगीत टीव्ही होता, तरी ती सिनेमाच्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पाट टाकायची. टीव्हीवर माणसं बोटाएवढी, म्हणायची, त्यांना बघून काय जीव रमतो का!

तो टीव्हीच माझ्या मुळावर आला. केबल आली. सेक्टरातल्या खुर्च्या दर वर्षी कमी व्हायला लागल्या. मंडळाचे सेक्रेटरी सावंत म्हणून होते. मूळचे कणकवलीकडचे, बँकेत नोकरी, माणूस सरळ पण घाईचा. एका वर्षी विसर्जनानंतर मला म्हणाले, ‘घाडगे, वाईट वाटून घेऊ नका. चित्र फिकं येतं तुमचं. त्यात मधेच शिवण, हिरोच्या नाकावरून. लोक म्हणतात, यापेक्षा घरचा टीव्ही बरा. पुढल्या वर्षी क्लिअर नाही आलं तर आपण मोठा व्हिडिओ मागवू. टेन्शन घेऊ नका, पण काय ते बघा.’

टेन्शन घेऊ नका! अहो, माझ्या वर्षाच्या कामातलं निम्मं काम गणपतीच्या त्या दिवसांतलं. नेरूळच्या एका मंडळाने व्हिडिओ आणला की बाकीचे काय थांबणार होते? मशीन विकून मी करणार काय होतो? आणि हिरोच्या नाकावरून शिवण म्हटलेलं सुनंदाला जे लागलं, ते वेगळंच.

आम्ही दोघांनी डोकं लढवलं. चित्र फिकं का? कारण निम्मा उजेड कापडातून पलीकडे निघून जातो. तो अडवला तर? मी थेटरात काम केलेला माणूस, मला हे कळायला इतकी वर्षं का लागावीत! सुनंदाने मोठ्या पन्ह्याचं जाड पांढरं कापड आणलं, शिवण एकदम कडेला घेतली, आणि मागून काळ्या कापडाचं अस्तर लावलं. चार दिवस तिचं शिलाई मशीन दुसऱ्या कुणाच्या कामाला लागलं नाही. वेळ कमी पडला म्हणून बाकीच्या कडा मोकळ्याच सोडून वरच्या काठाला तिने अस्तर नुसता लांब लांब धावदोरा घालून टाचलं. पुढल्या वर्षी पक्कं करीन, म्हणाली.

पुढला गणपती आला. सिनेमाच्या संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. मशीनवर ताडपत्री धरून मी पहिला डबा लावला. दोन भावांची ताटातूट होते तसला एक जुना घरगुती सिनेमा. उजेड पडद्यावर पडला आणि मी बघतच राहिलो. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. ताटातला भात मोकळा दिसत होता. रिकाम्या खुर्च्या भरायला लागल्या, गॅलऱ्यांमधून लोक खाली यायला लागले. सावंतांनी लांबूनच अंगठा वर केला. सुनंदा माझ्याकडे बघून नुसती हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी फिल्मचा वळसा सोडून पडद्याकडे बघत होतो. चाळीस-बेचाळीस मिनिटं मी स्वर्गात होतो.

डबा संपला. खुर्च्यांमागे गावातली काही तरुण माणसं उभी दिसली. इकडे कशी, असं क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात कुणीतरी पाठ थोपटली आणि ते मनातून गेलं. सवयीप्रमाणे भोंगा बघायला मी पडद्यामागे गेलो.

मागे कुणीही नव्हतं. ओल्या गवतावर एकदोन चटया तशाच राहिल्या होत्या. आणि पेटीच्या पुढ्यात, पाटावर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ठमाबाय एकटीच बसली होती. समोर काळं कापड. त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

 मागे माणसं बसतात, हे मला ठाऊक नव्हतं का? दर वर्षी काकडी खाल्ली होती मी तिथे. पण उजेड पलीकडे जातो, तो अडवायचा, असा विचार करताना पलीकडे कोण आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. प्रेक्षक म्हणून मी त्यांना कधी धरलंच नव्हतं. खरं ते लिहितो.

‘मावशी,’ मी म्हटलं.

तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली. ‘कोन, आपरेटर? चित्र चालू हाय ना रं?’

‘आता थांबलंय. डबा बदलतोय.’

‘तसा नाय. मगाशी. चालू व्हता ना? तिकडं लोकं हसत व्हती, रडत व्हती.’  मग ती अगदी हळू बोलली. ‘मंजी गेले. डोले गेले माजे.’

 ती बोलत राहिली. आरतीला उशीर झाला म्हणून ती आज मागाहून आली होती. येईपर्यंत मागचे लोक वैतागून निघून गेले होते किंवा पुढे जाऊन उभे राहिले होते. तिला वाटलं, पावसामुळे कुणी आलं नसेल. बसली. मागे दिवा नव्हताच; बोलणं ऐकू येतंय आणि समोर नुसता काळोख. पहिल्यापासूनच तिला जरा धुरकट दिसत होतं, दोन वर्षांपासून फारच. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गावातल्या एका बाईचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि मुलाला कळलं की तो दवाखान्यात घालणार, ही भीती. म्हणून तर ती पडद्याच्या एवढी जवळ बसायची.

‘आज ना उद्या जायचेच व्हते,’ ती म्हणाली. ‘पन गनपतीन जातील आसा वाटला नवता.’ आणि पदर डोळ्यांना लावला.

‘मावशी, तुमचे डोळे ठीक आहेत!’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘माझं डोकं फिरलंय! मीच मागून काळं कापड लावलंय. कुणालाच दिसत नाहीये!’

तिचा विश्वास बसेना. म्हातारीची समजूत घालतोय, असं तिला वाटलं. मी म्हटलं, चला, पुढच्या बाजूला बसा, खुर्ची देतो. तर तिने माझा हात झटकला. ‘तिकडं नको. ती तुमची बाजू. आनि तिकडं बी नाय दिसला तर?’

 दिसतं की नाही हे बघायला ती भीत होती.

मी धावत सुनंदाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.  तिने पिशवीतून कात्री काढली आणि मंडपवाल्याची शिडी ओढत पडद्यामागे निघाली. मी म्हटलं, ‘अगं, चित्र फिकं होईल. सावंत—’

‘अहो, शिडी धरा,’ ती म्हणाली.

चार दिवसांचं काम तिने पाच मिनिटांत उसवलं. धावदोरा तीन-चार ठिकाणी कापला आणि ओढला, तशी अस्तराची एक बाजू लोंबायला लागली. पुढून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. ‘ओ मशीनवाले, झोपलात काय?’ सावंत छत्री घेऊन तरातरा मागे आले.

‘घाडगे! काय चाललंय काय? इतकं फर्स्ट क्लास चित्र, आणि तुम्ही फाडताय? पब्लिक वैतागलंय तिकडे!’

‘पब्लिक इकडे पण आहे, साहेब,’ मी म्हणालो. माझाही आवाज चढला होता. ‘दर वर्षी असतं. आपण दोघांनी कधी मोजलं नाही. पुढल्या वर्षी व्हिडिओ आणायचा तर आणा, पण आज हे कापड निघणार.’

अस्तर खाली पडलं. सुनंदा शिडीवरून उतरली. मी मशीनकडे पळालो आणि दुसरा डबा चढवला. घाईत फिल्म मशीनच्या दातऱ्यांवर बसेना. शेवटी बसली. मशीनचा दिवा लागला. पुढच्या बाजूने चित्र फिकं झालंच, लगेच कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी मागच्या बाजूला कान लावून उभा होतो.

मागून तिचा आवाज आला, मशीनच्या टकटकीतूनही ऐकू येईल असा खणखणीत. ‘आला! आला रं! डावराच हाय!’

नंतर सुनंदाने मला मागे काय झालं ते सांगितलं. सावंत तिथेच छत्री धरून उभे राहिले होते. त्यांनी वाकून विचारलं, ‘आजी, दिसतंय ना आता?’

‘दिसतं. तू कोन?’

‘मी मंडळाचा सेक्रेटरी.’

‘मंग सेक्रेटरी, छत्री बाजूला घे. हीरोच्या आड येतंस.’

सावंत छत्री मिटून पावसात उभे राहिले. मग चटईच्या कडेला बसले. डबा संपेपर्यंत तिथेच होते. जाताना मला एवढंच म्हणाले, ‘उलटा सिनेमा मी पहिल्यांदाच बघितला, घाडगे.’ व्हिडिओचं पुढे काय, ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा गावात गेली आणि हरिश्चंद्र पाटलांना आईच्या डोळ्यांचं सगळं सांगून आली. ठमाबाय तिच्यावर जाम भडकली. ‘बायको तुजी चुगलखोर हाय,’ असं मला बाजारात भर रस्त्यात ऐकवलं. पण दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं उन्हाळ्यात. सुनंदा दोन्ही वेळा जेवणाचा डबा घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला म्हातारीने हिरव्या पट्टीखालून तिला सांगितलं, ‘तुज्या नवऱ्याला सांग, पयला डबा राहिलाय माजा.’

तो निरोप मी विसरलो नाही. पुढल्या गणपतीला सावंतांच्या मंडळाने एका दिवशी मोठा व्हिडिओ आणला आणि एक दिवस मला दिला. मी मुद्दाम तोच सिनेमा मागवला. वितरकाकडचा माणूस म्हणाला, अहो हा गेल्या वर्षीच दाखवलात ना? मी म्हटलं, निम्म्याच लोकांना.

पडदा जुनाच होता, पातळ, नाकावरच्या शिवणीचा. पण तो उभारण्यापूर्वी सावंतांनी स्वतः दोरी धरून बांबू सरकवले, मैदानाच्या बरोबर मधोमध. मागच्या बाजूलाही निम्म्या खुर्च्या टाकल्या. आणि ठमाबायला हाताला धरून पुढच्या बाजूला आणलं, पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, अंगावर कोरं लुगडं. तिने आधी आकाश बघितलं, मग इमारती बघितल्या, वरपासून खालपर्यंत मजले मोजले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आपरेटर, तू एवडा काला असशील आसा वाटला नवता.’ सगळी रांग हसली. मीही.

पहिला डबा सुरू झाला. दहा मिनिटांत जेवणाचा प्रसंग येतो. आई वाढतेय, दोन्ही भाऊ पाटावर बसलेत, हिरो पहिला घास घेतो. मी नेहमीसारखा मशीनजवळ, डोळा वळशावर. तेवढ्यात पडद्यावर एक मोठी सावली आली. लुगड्याची, पाठीत वाकलेली. ‘ए बसा खाली! कोण आहे ते?’ मैदान ओरडायला लागलं. ठमाबाय उठून उजेडातून चालली होती, कुणाकडे न बघता, सरळ पडद्याला वळसा घालून मागे.

पहिला डबा संपल्यावर मी मागे गेलो. ती तिच्या जुन्या जागी, पाटावर. पाट कुणीतरी आधीच आणून ठेवलेला दिसत होता.

‘काय झालं मावशी? तिकडं नीट दिसत नव्हतं?’

‘दिसत व्हता ना. लई झ्याक दिसत व्हता. शितन् शित मोजला मी.’ तिने चष्मा पुसला. ‘पन तो उजव्या हातान जेवत व्हता. मना काय तो आपला वाटला नाय. मी आली परत.’

मी हसलो. हसता हसता पेटी उगीचच इकडून तिकडे सरकवली. तिला काय ते कळलं असावं. पाटावरून ती थोडी सरकली आणि बाजूच्या चटईवर हात आपटला.

‘बस जरा. तुना कदी बसलेला बगला नाय मी.’

‘मशीन कोण चालवणार?’

‘हाय ना तुजी चुगलखोर.’

मी मान उंचावून पडद्याच्या कडेने बघितलं. सुनंदा मशीनजवळच उभी होती. मी हाताने विचारलं, चढवशील?  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होतो. मग तिने पदर खोचला आणि दुसरा डबा उघडला.

मैदानातला दिवा विझला. टकटक सुरू झाली, अगदी एका लयीत, माझ्याहून बरी. माझा कान तिकडे जायला लागला तसं ठमाबायने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मी समोर बघितलं. चित्र फिकं होतं, मधून शिवण गेली होती आणि दुकानांच्या पाट्या सगळ्या उलट्या होत्या. तिला वाचता येत नसे, तिचं त्यामुळे काही अडत नव्हतं. पाचेक मिनिटांनी माझंही अडेनासं झालं. मागच्या खुर्च्यांत सावंतांची बायको कुणाला तरी सांगत होती की तो बघा, डाव्या हातानं सही करतोय. पडद्यावर धाकटा भाऊ गाव सोडून चालला होता आणि आई दारात उभी होती. त्या प्रसंगाला लोक रडतात हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं. का रडतात ते मी पाहिलं नव्हतं.

‘दिसतं ना रं तुना?’ ठमाबायने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

‘दिसतंय, मावशी,’ मी म्हणालो, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.